पुन्हा लावावी अशी लढत

(दृश्य: मे महिन्याची दुपार. नागपूरच्या गोकुळपेठेतलं घर. खिडकीत कूलर, टीव्हीला जोडलेली हार्ड डिस्क, टीपॉयवर वही-पेन.)

बॉक्सिंगमधल्या 'शंभर सर्वोत्तम लढतीं'च्या याद्या पैशाला पासरी मिळतात. या घरातला वाद त्यापुढचा आहे. जन्मभर पुन्हा पुन्हा पाहाव्यात अशा लढती किती? मामा म्हणतात, दहाच्या वर नाहीत. मामा वीज खात्यातून निवृत्त झालेत आणि रिंगमध्ये कधीच उतरलेले नाहीत. त्यांची भाची मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात रोज सकाळी सराव करते. मामांच्या यादीतल्या निम्म्या लढती तिला मान्य नाहीत.

कात्री कुठे लावायची, यावर मात्र दोघांचं जमतं. 2 मे 2015, लास वेगास, मेवेदर विरुद्ध पॅकियाव. एका लढतीवर एवढा पैसा तोवर कधी लागला नव्हता. बारा फेऱ्या झाल्या, मेवेदर गुणांवर जिंकला, संपलं.

"एकदा पाहिली ना, झालं," मामा म्हणतात. "आता काय पाहून राहिली त्यात?"

मोबाइलवर फिरणाऱ्या दहा-दहा सेकंदांच्या नॉकआउटनाही इथे जागा नाही. ठोसा दिसतो, माणूस पडलेला दिसतो, पण तो ठोसा लागावा म्हणून आधीच्या पाच फेऱ्यांत काय काय पेरलं होतं, ते त्या तुकड्यात कधीच नसतं. मामांची कसोटी सोपी आहे: निकाल पाठ झाल्यावरही लढतीत पाहायला काही उरतं का?

(दृश्य: टीव्हीवर जुनं, थोडं धुरकट चित्रण.)

30 ऑक्टोबर 1974. झैरची (आजच्या काँगोची) राजधानी किन्शासा. अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या सोयीसाठी लढत स्थानिक वेळेनुसार पहाटे चारच्या सुमारास ठेवलेली. जॉर्ज फोरमन 25 वर्षांचा, 40 लढतींत 40 विजय, त्यातले 37 नॉकआउट. मुहम्मद अली 32 वर्षांचा. पुढची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे: अली दोरांना टेकून मार खात राहिला, फोरमन थकला, आठव्या फेरीत पडला.

पहिल्यांदा पाहताना आपणही तेच पाहतो. दुसऱ्यांदा पाहताना पहिली फेरी नीट बघा. तिथे अली दोरांवर टेकलेला नाहीच. तो सरळ जाऊन फोरमनच्या डोक्यात उजवा ठोसा मारतो. आधी जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) नाही, हुलकावणी नाही. उजवा हात मागे असतो, त्याला लांबचं अंतर कापावं लागतं. अनुभवी बॉक्सरसमोर असा थेट उजवा मारणं म्हणजे स्वतःची बाजू उघडी टाकणं. अली ते पुन्हा पुन्हा करतो. फोरमन पडत नाही, आणि मग दुसऱ्या फेरीपासून अली दोर धरतो. म्हणजे ती प्रसिद्ध युक्ती मुळात पहिला डाव फसल्यावर काढलेला दुसरा डाव होता, असं मामांना वाटतं. मलाही ते पटतं.

तिसऱ्यांदा पाहताना शेवट बघा. आठवी फेरी संपत आलेली. अलीचे ठोसे लागतात, फोरमन गोल फिरत खाली जायला लागतो. अलीचा उजवा हात ताणलेला आहे, अजून एक ठोसा सहज बसला असता. अली तो मारत नाही. पडणाऱ्या माणसाभोवती तो हात तसाच रोखून फिरतो आणि त्याला पडू देतो. एखादा सेकंदच असेल, पण मामा तिथे दर वेळी रिमोटचं बटण दाबून चित्र थांबवतात.

"मामा, काऊन थांबवता जी दर वेळी?"

"हे दिसलं नाही, तर बाकीचं पाहून उपयोग काय?"

(दृश्य: कूलरमध्ये पाइपने पाणी भरणं चालू आहे.)

नागपूरच्या मे महिन्यात कूलर पूर्ण वेगावर असला की कॉमेंट्री ऐकू येत नाही. आवाज वाढवला तर शेजारचे ओरडतात. म्हणून दुपारी इथे टीव्ही मुका चालतो. नाइलाजाने लागलेली ही सवय आता पद्धत झाली आहे. कॉमेंट्री बंद असली की कोण जिंकतंय ते स्वतःच ठरवावं लागतं. मग वही निघते, फेरीगणिक गुण लिहिले जातात आणि भांडणं होतात.

15 एप्रिल 1985, मार्विन हॅगलर विरुद्ध टॉमी हर्न्स. अवघी आठ मिनिटं आणि एक सेकंद. तर्री-पोह्यांची प्लेट निवांत खायला याहून जास्त वेळ लागतो. पहिल्याच फेरीत टॉमी हर्न्सचा उजवा हात मोडला. हे आधी कळलेलं असेल तर दुसरी फेरी पूर्ण वेगळी दिसते. हर्न्स मागे का सरकतोय, उजवा का आवरतोय, सगळं समोर येतं. तिसऱ्या फेरीत हॅगलरच्या कपाळातून रक्त वाहतंय, रेफ्री रिचर्ड स्टील लढत थांबवून डॉक्टरांना दाखवतो. डॉक्टर परवानगी देतात. थोड्याच वेळात हर्न्स खाली असतो.

हाच रेफ्री मामांच्या यादीत आणखी एकदा येतो. 17 मार्च 1990, चावेझ विरुद्ध मेलड्रिक टेलर. बारावी आणि शेवटची फेरी. तीनपैकी दोन जजांकडे टेलर पुढे. चावेझच्या उजव्याने तो पडतो, उठतो. स्टील त्याला विचारतो, ठीक आहेस का? टेलरची नजर स्वतःच्या कोपऱ्याकडे. उत्तर येत नाही. स्टील हात हलवतो, लढत थांबते, चावेझ जिंकतो. घड्याळात दोन सेकंद उरलेले.

भाचीच्या मते हा अन्याय आहे. मामा म्हणतात, टेलरचा चेहरा बघ, मग बोल. या घरात ही लढत सगळ्यात जास्त वेळा लागली आहे आणि निकाल अजून लागलेला नाही.

भाचीची स्वतःची निवड वेगळी. 18 मे 2002, मिकी वॉर्ड आणि आर्टुरो गाटी, नववी फेरी. वॉर्डचा डावा हुक (कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा) गाटीच्या उजव्या बरगड्यांखाली, यकृतावर. डोक्याला ठोसा बसला तर माणूस जागीच कोसळतो. यकृतावर बसला तर क्षणभर काहीच होत नाही, मग पाय जातात. शुद्ध पूर्ण असते, श्वास मात्र घेता येत नाही. गाटी गुडघ्यावर येतो, चेहरा आक्रसलेला. तरी तो मोजणी संपण्याआधी उठतो आणि त्याच फेरीत उलट हल्ला करतो. फेरीच्या शेवटी पुन्हा वॉर्ड त्याच्यावर तुटून पडतो. हे दोघे तीनदा लढले, पुढे मित्र झाले, आणि गाटीच्या शेवटच्या लढतीत वॉर्ड त्याचा प्रशिक्षक होता.

काही लढती मात्र या डिस्कवर मुद्दाम नाहीत. 13 नोव्हेंबर 1982, मॅन्सिनी विरुद्ध दक्षिण कोरियाचा किम दुक-कू. लढत म्हणून अटीतटीची. चौदाव्या फेरीत लढत थांबली, त्यानंतर किम बेशुद्ध झाला आणि काही दिवसांत वारला. जागतिक जेतेपदाच्या लढती पंधराच्या बारा फेऱ्यांवर आल्या, त्यामागे हा मृत्यू आहे. "इतिहास म्हणून वाच. पाहायची नाही," एवढंच मामा म्हणतात.

(दृश्य: भाची बँडेज गुंडाळताना, जवळून. अंगठ्यापासून मनगटाकडे.)

एका लढतीवरून दोघांचं खरंच बिनसलं. एप्रिल 2021, पोलंडमधलं किएल्से, युवा जागतिक स्पर्धा. 81 किलोंवरच्या गटात नागपूरच्या अल्फिया पठाणने मोल्दोव्हाच्या दारिया कोझोरेझला 5-0 असं हरवून सुवर्ण जिंकलं. मामांच्या कसोटीवर ही लढत टिकत नाही. पाचही जज एका बाजूला, मग पुन्हा पाहायला उरतं काय?

भाचीचं उत्तर असं: "मामा, तुम्ही लढत पाहता. मी तिचे पाय पाहते. एवढ्या वजनाच्या पोरीने पुढचा पाय कुठे टाकला, मागे कधी आली, हे मला उद्या सकाळी करायचं आहे. किन्शासा मला नाही करता येत."

मामांनी ती लढत तिसऱ्यांदा, मुकी, तिच्यासोबत पाहिली. मग 1971 सालची अली-फ्रेझर काढली. तिथे फ्रेझर जिंकला आणि पंधराव्या फेरीत त्याच्या डाव्या हुकने अलीला पाडलंही. पण कोणी किती फेऱ्या जिंकल्या, याची तिघांची मोजणी बघा, तिन्ही फ्रेझरच्या बाजूने: रेफ्री 8-6 आणि एक फेरी बरोबरीची, एक जज 9-6, दुसरा 11-4. एकच लढत, रिंगच्या अगदी जवळून पाहिलेली.

भाचीने स्वतःची वही उघडली. तिच्या हिशेबाने फ्रेझर 9-6. मामांचं कार्ड 8-7, अलीच्या बाजूने.

"मामा, अकरावी फेरी तुम्ही कोणाला दिली?"

"अलीला."

"अकरावी? त्या हुकनंतर तो पडता पडता वाचला! लावा बरं परत."

मामांनी रिमोट हातात घेतला. "लावतो. पण अकरावीपासून नाही, पहिलीपासून."