घाणेरीचे हत्ती

मंडळी, सुरुवातीला एकच विचारतो, घाणेरी कोणाकोणाला माहितीये? बघा, जवळपास सगळ्यांचे हात वर. कोणी टणटणी म्हणतं, एकाच गुच्छात पिवळी, केशरी, गुलाबी फुलं, पान चोळलं की उग्र वास, आणि तिची पिकलेली काळी फळं लहानपणी आपल्यातल्या बऱ्याच जणांनी खाल्लीयेत. तर आज ज्या हत्तींबद्दल बोलणार आहे ते ह्याच घाणेरीच्या काठ्यांचे आहेत.

2024 च्या फेब्रुवारीत बेंगळुरूच्या लालबागेत मी ते पाहिले. खऱ्या हत्तीएवढे, अख्खा कळप, मध्ये पिल्लं. लांबून खरेच वाटतात, जवळ गेलं की काठ्यांच्या वळणांमधून कातडीच्या सुरकुत्या दिसतात. तमिळनाडूत गुडलूर भागात माणसांच्या शेजारी राहणारे जे खरे हत्ती आहेत ना, त्यांच्यावरून एकेक घडवलाय. बनवणारे लोक म्हणजे बेट्ट कुरुंबा, पणिया, काट्टुनायकन, सोलिगा हे आदिवासी. जंगलातून घाणेरी तोडून आणायची, पाण्यात उकळायची म्हणजे काठी वाकते, साल काढायची, मग लोखंडी सांगाड्यावर एकेक काठी बसवत जायचं. हे हत्ती 2021 मध्ये लंडनच्या बागांमध्ये उभे होते, 2024 पासून शंभर हत्ती अमेरिकेत फिरले, न्यूपोर्ट, न्यूयॉर्क, मायामी असं करत 2025 च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसला लागून असलेल्या बेव्हर्ली हिल्सला पोचले. त्याच वर्षी जानेवारीत तिथून जवळच पॅलिसेड्स आणि अल्टाडेनामध्ये वणव्यात हजारो घरं जळाली होती. आणि तिथल्या बागेत येऊन उभं काय राहिलं, तर आपल्याकडच्या वणव्याचं सरपण, हत्तीच्या रूपात! मला हे फार मोठं वाटतं.

सरपण का म्हणतोय ते सांगतो. पानगळीच्या जंगलातला वणवा साधारण जमिनीलगत पळतो, वाळलेला पाला आणि गवत जाळत पुढे सरकतो, जाड सालीची मोठी झाडं त्यातून तगतात. पण खाली घाणेरी माजलेली असली की तिच्या वाळक्या फांद्यांचे ढीग असतात, ती झाडांवरही चढते, मग आगीला शिडीच मिळते आणि ज्वाळा शेंड्यापर्यंत जातात. 2019 च्या फेब्रुवारीत कर्नाटकातल्या बंडीपूरमध्ये चार हजार हेक्टरांहून जास्त जंगल जळालं तेव्हा घाणेरीची खूप चर्चा झाली ती म्हणूनच. आणि आगीनंतर काय होतं? बाकीची लहान रोपं मरतात, घाणेरी मुळापासून परत फुटते, वरून ऊन मोकळं मिळतं, बुलबुल फळं खाऊन बी टाकत फिरतात. आगीने घाणेरी वाढते आणि घाणेरीने आग, असं हे चक्र अभ्यासकांनी 2005 मध्ये मांडलं. म्हणजे वणव्यानंतर दोन पावसाळ्यांत डोंगर हिरवा दिसला तर लगेच खूश होऊ नका, हिरवं काय आहे ते जवळ जाऊन बघा. वाघांच्या जंगलांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त भागात ही पसरलीये असं 2020 चा अभ्यास सांगतो. हत्ती ती खात नाहीत, त्यांचं गवत तिच्याखाली संपतं, मग ते शेतात येतात.

प्राण्याच्या पुतळ्यातून वणवा शिकवायची कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत 1944 पासून स्मोकी नावाचं अस्वल लोकांना आगीबद्दल सावध करतंय, 1947 पासून त्याची घोषणाच आहे की आग तुम्हीच थांबवू शकता, मिनेसोटात त्याचा 26 फुटी पुतळा आहे. निष्काळजीपणाने लागणारी आग थांबवायलाच हवी, त्यात वाद नाही. पण त्यातून पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या मनात बसलं की प्रत्येक आग वाईट, आणि आग दाबून दाबून जंगलात सरपण साठत गेलं. तिथल्या सेक्वोया नावाच्या अवाढव्य झाडांच्या रोपांना तर उघडी माती लागते, ती आगीनेच मिळते. शेवटी 2001 मध्ये त्या अस्वलाच्या घोषणेतले शब्दसुद्धा बदलावे लागले.

आता आपल्याकडे बघा. कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगन डोंगरातले सोलिगा उन्हाळा कडक व्हायच्या आधीच पाला हलका जाळायचे, म्हणजे मोठ्या वणव्याला सरपण साठत नसे, त्याला ते तरगु बेंकी म्हणतात. अभयारण्य झाल्यावर त्यावर बंदी आली, आणि सोलिगा म्हणतात की त्यानंतर घाणेरी माजली. शोभेसाठी दोनशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी ती आणली, माजली आपल्या काळात, आणि आता तीच तोडून हत्ती बनवणाऱ्यांत सोलिगाही आहेत. लालबागेत मी हत्तीच्या पायाशी बराच वेळ उभा होतो तो ह्याच विचारात. जंगलाची नाडी कळणाऱ्या माणसांचं ज्ञान आपण बंदी घालून बाजूला ठेवलं आणि त्यांच्या हातची कला बघायला मात्र गर्दी करतो, हे मला बोचतं.

मगाशी एका ताईंनी विचारलं की आपल्या टेकडीवरची घाणेरी काढायची कशी. नुसती वरून छाटू नका, जाळू तर अजिबात नका, दुप्पट फुटेल. दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबूंची पद्धत आहे, कुदळीने मुख्य मूळ जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, मुळं वर, म्हणजे परत रुजत नाही. फळं धरायच्या आधी काढलीत तर उत्तम. मग पुढची दोन-तीन वर्षं ज्या झाडांवर पक्षी बसतात त्यांच्याखाली लक्ष ठेवायचं, नवी रोपटी तिथेच जास्त येतात, आणि पावसात माती ओली असली की ती हातानेच मुळासकट निघतात.