नवा खुबा आणि जुना पाट

नमस्कार श्रोतेहो. चतुर्थीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. फोंड्याकडच्या एक काकू, खुबा बदलून पाचवा आठवडा. दुखणं गेलं होतं, म्हणून धीरही चेपला होता. नेवऱ्या म्हणजे करंज्या करायला पाटावर बसू नका, हे माझं सांगणं त्यांनी पाळलं. खुर्चीवरच बसल्या. पण लाटणं खाली पडलं आणि ते उचलायला त्या बसल्या जागीच वाकल्या. खट्कन आवाज झाला. पाय आखूड दिसायला लागला, पाऊल आत वळलं. नव्या खुब्याचा गोळा त्याच्या वाटीतून निसटला होता.

पहिल्यांदाच खुबा बदललेल्यांत शंभरातल्या साधारण एक ते तीन जणांच्या बाबतीत असं घडतं, आणि बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांतच. सांध्याभोवतालचं आवरण आणि स्नायू तोवर पुरते सांधलेले नसतात.

सुनेनं सगळं खापर लाटण्यावर फोडलं. मला ते पटलं नाही. काकूंच्या कमरेचे मणके पूर्वी स्क्रू घालून जोडलेले. आपण बसतो तेव्हा कंबर थोडी मागे कलते, तिच्याबरोबर खुब्याची वाटीही कलते आणि मांडीच्या हाडाला पुढे वळायला जागा मिळते. जखडलेली कंबर कलतच नाही. मग सगळं वाकणं एकट्या खुब्याला करावं लागतं. हे आधी कळलं तर सर्जन वाटीचा कोन बदलतो, गोळा मोठा घेतो किंवा दुहेरी हालचालीची, म्हणजे गोळा दोन ठिकाणी फिरू देणारी, वाटी बसवतो.

म्हणून पाठीचं जुनं ऑपरेशन, पार्किन्सन, विसरभोळेपणा, त्याच खुब्यावरची आधीची शस्त्रक्रिया, सगळं सांगा. आणि फेणीसुद्धा! ‘सणावारी थोडीशी’ हे आमच्याकडचं ठरलेलं उत्तर. रोजची असेल तर रोजची म्हणा. दारू हीसुद्धा खुबा निसटण्याच्या कारणांत मोडते.

घरी टेप घेऊन आसनं मोजा. बसल्यावर गुडघा खुब्यापेक्षा वर जाता कामा नये. अंगणातला बुटका सोपो म्हणजे बसायचा कट्टा, आदोळी म्हणजे विळी, देवघरापुढचा पाट, भारतीय संडास, डॉक्टर परवानगी देईपर्यंत सगळं बंद. पायावर पाय टाकून बसणंही नको.

आणि तरीही निसटलाच, तर पाय ओढू नका, तेल चोळू नका. 108 ला फोन करा. भूल द्यावी लागेल, तेव्हा चहाचा घोटसुद्धा पाजू नका.