गोळी चालू आहे म्हणून बीपी बरं आहे

नमस्कार श्रोतेहो. तालुक्याच्या गावात मी दवाखाना चालवतो. मागच्या आठवड्यात एक आजी आल्या. पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढून पुढे ठेवलं. महिना उलटला होता आणि दहातल्या चारच गोळ्या संपल्या होत्या. "गेल्या वेळी बीपी नॉर्मल आलं ना, मग कशाला खायच्या?" वरचा आकडा १७८ होता.

आजी, ते नॉर्मल आलं होतं गोळीमुळेच. गोळी सुटली की बीपी पुन्हा चढतं, आणि चढताना डोकं दुखेलच असं नाही. गोळी कमी करायची की बंद, ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

"वय झालं, बीपी वाढायचंच," असंही पुष्कळ जण म्हणतात. वयाबरोबर रक्तवाहिन्या ताठर होतात, त्यामुळे वरचा आकडा चढतो हे खरंच. पण म्हणून सोडून द्यायचं नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या 'हायवेट' अभ्यासात ८० वर्षांवरच्यांना बीपीच्या गोळ्या दिल्या, तेव्हा मृत्यूही कमी झाले आणि हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाचा पंप कमजोर पडणं, तेही.

घरी मशीन असेल तर लघवीला जाऊन या, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा. पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर बांधा, स्वेटरवर नको. आधीचा अर्धा तास चहा नाही, तंबाखू-मिश्री नाही. मशीन चालू असताना बोलू नका.

एक गोष्ट मात्र फार थोडे जण करतात. बसून मोजल्यावर उभे राहा आणि एका मिनिटानं, मग तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला, तर लगेच डॉक्टरांना सांगा. रात्री झटकन उठून अंधारी येते, तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. अशी माणसं मी पाहिली आहेत, फार वाईट वाटतं. आधी अंथरुणात उठून बसा, पाय खाली सोडा, थोडं थांबा, मग आधार धरून उभे राहा.

जेवणात लोणचं, पापड, फरसाण आवरा. दिवसाचं सगळं मीठ चहाच्या छोट्या चमच्याहून थोडं कमीच, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत हवं. सैंधव असलं तरी ते मीठच. आणि गुडघेदुखीची गोळी मनानं घेऊ नका, तिनंही बीपी चढतं.

आजींनी निघताना विचारलं, "विसरले तर?" म्हटलं, पाकीट चहापत्तीच्या डब्याशेजारी ठेवा. सकाळी तिथं हात जातोच.