देसायुनार: नाश्त्याचं क्रियापद

आज एकाच क्रियापदापाशी थांबू या: देसायुनार. स्पॅनिशमध्ये ‘आयुनो’ म्हणजे उपवास. त्याला ‘देस’ लागलं की तो उपवास सुटतो. म्हणून ‘देसायुनो’ म्हणजे नाश्ता, आणि ‘मी नाश्ता करतो’ यालाही देसायुनोच.

मराठीत आपण म्हणतो, ‘मी नाश्त्याला अंडी खातो.’ मग ‘खाणे’साठी ‘कोमेर’ शोधून ‘कोमो देसायुनो’ अशी जुळणी होते, आणि इथेच गाडी अडते. ‘कोमो’ म्हणजे ‘मी खातो’, तसंच ‘म्हणून’सुद्धा, ऐकणाऱ्याला ‘नाश्ता म्हणून...’ असं अर्धवट काहीतरी ऐकू येतं. खरं तर खाणं आणि पिणं दोन्ही देसायुनारच्या पोटात आहे. पदार्थ सरळ पुढे ठेवा: ‘देसायुनो वेवोस’, मी नाश्त्याला अंडी खातो. ‘देसायुनो काफे’, मी नाश्त्याला कॉफी घेतो. बोलणारी बाई असली तरी रूप तेच. खातो-खाते हा भेद इथे नाही.

भूतकाळात मात्र आघात सांभाळा. ‘देसायुनो’मध्ये जोर ‘यु’वर, ‘देसायुने’, म्हणजे ‘मी नाश्ता केला’, यात तो शेवटच्या ‘ने’वर. आपलं ‘नाश्ता झाला का?’ मेक्सिकोत ‘या देसायुनास्ते?’ असं विचारतात. स्पेनमध्ये आज सकाळचीच गोष्ट असेल तर बहुतेक ठिकाणी ‘मी नाश्ता केला’ याला ‘ए देसायुनादो’ म्हणतील.

उच्चारात मराठी माणसाचं काम सोपं आहे. तोस्तादा, म्हणजे भाजलेला पाव, यातले त आणि द आपलेच, दंत्य. रोमन लिपी बघून ‘टोस्टाडा’ म्हणू नका. ‘वेवो’ लिहिताना सुरुवातीला ह असतो, पण तो उच्चारत नाहीत.

आता दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियातल्या एखाद्या बारच्या काउंटरवर उभे राहा. ‘मे पोने उन काफे कोन लेचे ई मेदिया तोस्तादा कोन तोमाते?’ ‘पोनेर’ म्हणजे ठेवणे. ‘मे पोने’ म्हणजे जवळजवळ आपलं ‘मला वाढता का’. याच्या तुलनेत ‘किएरो’, म्हणजे ‘मला पाहिजे’, जरा रोखठोक वाटतं. ‘मेदिया’ म्हणजे अर्धी, पावाचा एकच भाग. पूर्ण हवी तर ‘एन्तेरा’. वर किसलेला टोमॅटो, ऑलिव्ह तेल आणि मीठ. कॉफीत दूध नावापुरतंच हवं असेल तर ‘कोर्तादो’ मागा. ‘काफे कोन लेचे’त दूध भरपूर येतं. निघताना ‘मे कोब्रा?’ म्हणा, म्हणजे ‘पैसे घेता का?’

देश बदलला की शब्दही बदलतात. संत्र्याचा रस स्पेनमध्ये ‘थूमो’, लॅटिन अमेरिकेत ‘हूगो’. ‘अल्मुएर्सो’ कोलंबियात दुपारचं जेवण. स्पेनच्या व्हॅलेन्सियाकडे तोच शब्द ‘अल्मुएर्थो’ होऊन सकाळी दहा-अकराच्या भरपेट खाण्याला वापरतात. कोलंबियात ‘मे रेगाला उन तिन्तो?’ म्हणतात. शब्दशः ‘मला एक तिन्तो भेट देता का?’, पण पैसे द्यायचेच असतात, आणि मिळते ती काळी कॉफी. माद्रिदमध्ये ‘तिन्तो’ मागितलात तर समोर लाल वाइनचा पेला येईल.