जोडप्याचे छायाचित्र आणि कोकणातला उजेड

मित्रांनो आणि मैत्रिणींनो,

एका लग्नात आपण छायाचित्रकार हजारभर छायाचित्रे काढतो, त्यांतली दीड-दोनशे अल्बममध्ये जातात, आणि ओटीवरच्या भिंतीवर शेवटी एकच लागते, ज्यात वर आणि वधू एवढी दोघेच असतात. आज मी त्या एका छायाचित्राविषयी बोलणार आहे. विधींचे, पंगतीचे आणि नातेवाइकांच्या रांगेचे छायाचित्रण सरावाने जमते. दोन माणसांचे एकमेकांशी असलेले नाते कागदावर उमटणे मात्र वेगळे आहे, आणि त्यासाठी कॅमेऱ्याइतकाच माणसांचा, जागेचा आणि वेळेचा विचार करावा लागतो.

कोकणातले लग्न अजूनही घराचे, वाडीचे आणि भावकीचे कार्य असते. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावी येतात, घर माणसांनी भरून जाते, आणि पुण्याहवाचन, देवक, हळद, सीमांतपूजन असे एकामागून एक विधी सुरू होतात. या सगळ्यात ज्यांचे लग्न आहे त्या दोघांना एकमेकांशी चार शब्द निवांतपणे बोलायला मिळत नाहीत. अशा घरात, भर कार्यात, त्या दोघांना गर्दीतून बाजूला नेण्याचा अधिकार वडीलधारी माणसे एकाच परक्या व्यक्तीला देतात, आणि ती व्यक्ती म्हणजे छायाचित्रकार. “फोटोवाल्या ताईंनी बोलावलंय, जाऊ दे गो त्यांना,” असे आजीने म्हटले की सगळे वाट सोडतात. या अधिकाराचा उपयोग आपण कशासाठी करतो, यावर आपले छायाचित्र अवलंबून असते. त्या पंधरा-वीस मिनिटांत त्यांच्याकडून दहा पोझ करून घेता येतात, किंवा तेवढा वेळ त्यांचा त्यांना देता येतो. मी दुसरा मार्ग धरला आहे आणि तुम्हीही तो धरावा, असे मला मनापासून वाटते.

पोझ ही गोष्ट आपल्याकडे छायाचित्रणाबरोबरच आली. 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हा चित्र उमटायला काही सेकंद लागत आणि तेवढा वेळ माणसाला निश्चल राहावे लागे. म्हणून खुर्ची आली, खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला हात आला, गंभीर चेहरा आला. नवरा बसलेला आणि बायको शेजारी उभी, ही रचना मात्र त्या तांत्रिक अडचणी संपल्यानंतरही कित्येक दशके टिकली, कारण तोवर ती प्रतिष्ठेची खूण झाली होती. आज मुले फोनवर पाहिलेली पोझ घेऊन येतात आणि “आम्हाला असाच हवा,” असे सांगतात. त्यांच्या हौसेला माझा विरोध नाही, मी ते छायाचित्र काढून देते. पण त्यात दुसऱ्याच कोणाच्या देहाची ठेवण असते, आणि ज्या घरात नवरा-बायको वडीलधाऱ्यांसमोर एकमेकांचा हातही सहसा धरत नाहीत, त्या घरातल्या मुलीला कपाळाला कपाळ लावून उभे राहायला सांगितले, तर तिच्या खांद्यांत येणारा ताण कोणत्याही लेन्सला लपवता येत नाही.

म्हणून जोडप्याला प्रेम दाखवायला सांगू नये, त्यांना एखादे काम द्यावे. देवगडकडच्या एका बागायतदार घरातल्या मुलाचे लग्न पुण्यात वाढलेल्या मुलीशी ठरले होते. लग्नाच्या आदल्या दिवशी, साध्या कपड्यांत, मी दोघांना घराशेजारच्या कलमांत नेले आणि त्याला एवढेच सांगितले, की झेल्याने, म्हणजे टोकाला जाळी लावलेल्या काठीने, आंबा कसा उतरवतात ते हिला शिकवा. सुरुवातीला तो माझ्याकडे पाहून बोलत होता. मग देठ राखून फळ का काढायचे आणि चीक फळावर ओघळला तर काय होते, हे सांगण्यात तो रमला. तिने लांब काठी पेलता पेलता एक फळ नेमके खाली पाडले आणि दोघेही माझे अस्तित्व विसरून हसली. भिंतीवर आज तेच छायाचित्र आहे. समुद्रकाठच्या घरात जाळे उलगडणे, विहिरीवरून पाणी काढणे, अबोलीचा वळेसर गुंफणे, अशी कामे सर्वत्र सापडतात. ते काम दोघांपैकी एकाला नीट येणारे आणि दुसऱ्याला नवे असावे, कारण शिकवताना माणूस आपोआप समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहतो. जी जोडपी मुंबईत कित्येक वर्षे एकमेकांच्या सहवासात आहेत, त्यांना याची गरज पडत नाही. त्यांच्यापासून थोडे दूर उभे राहिले आणि मोठी लेन्स लावली की पुरते.

आता उजेडाकडे येते, कारण आपल्या किनाऱ्यावर या विषयाला स्वतःची अशी एक अडचण आहे. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या दरम्यानच्या प्रत्येक ठिकाणी वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. सावंतवाडी-मालवणकडे तो दिवस साधारण मे महिन्याच्या पहिल्या आठवड्याच्या मध्यावर येतो, रत्नागिरीला 8 मेच्या सुमारास आणि अलिबागला महिन्याच्या मध्याकडे. म्हणजे ऐन लग्नसराईत, दुपारी साडेबाराच्या सुमारास, माणसाची सावली त्याच्या पायाखाली असते. त्याच वेळेचा मुहूर्त असेल आणि विधी उघड्यावर असतील, तर भुवयांची सावली डोळ्यांवर पडते, मुंडावळ्यांची सावली गालांवर पडते, आणि दोघांचेही डोळे काळ्या खोबणींसारखे दिसतात. झावळ्यांचा मांडव असेल तर अंगभर उन्हाचे कवडसे येतात, आणि पिवळे किंवा लाल कापड ताणलेले असेल तर त्याचा रंग चेहऱ्यावर चढतो, जो नंतर संगणकावरही पुरता उतरत नाही.

यावरचा उपाय जुन्या कोकणी घरातच आहे. उतरत्या कौलारू छपराची पडवी वरचे ऊन पूर्ण अडवते आणि अंगणावर पडलेले तेच ऊन जमिनीवरून परतून, मऊ होऊन, खालून आत येते. अंगण सारवलेले असेल किंवा समोर जांभ्याची भिंत असेल, तर त्या उजेडाला किंचित उबदार छटा असते आणि ती कातडीला शोभते. दोघांना पडवीच्या कडेपासून हात-दोन हात आत, बाहेर तोंड करून बसवावे. उंचीत फार फरक असेल तर पायरीचा उपयोग करावा. माजघरात जायची वेळ आली तर एकाच दाराचा किंवा खिडकीचा उजेड घ्यावा. त्यापासून दूर जाताच उजेड झपाट्याने कमी होतो, हे ध्यानात ठेवून दोघांपैकी ज्याचा वर्ण अधिक सावळा असेल त्याला खिडकीजवळ बसवावे, म्हणजे दोन्ही चेहरे एकाच चित्रात आपापल्या तेजाने दिसतात.

वर्णाचा विषय निघालाच आहे, तर स्पष्ट बोलते. सावळ्या मुलीचा चेहरा संगणकावर उजळून देण्याची मागणी अजूनही होते, कधी सासरकडून, कधी खुद्द आईकडून. ती मान्य करू नका. उजेड चांगला ठेवणे हे आपले काम आहे, माणसाचा रंग बदलणे हे नाही. तिच्या मुलांना उद्या आपली आई ओळखू यावी.

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचे सगळे मध्यम करड्या रंगाचे आहे, असे धरून चालतो, म्हणून पांढरे वस्त्र अधिक असले की तो चित्र काळवंडून टाकतो. डॉ. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात आहे, आणि इथल्या बौद्ध विवाहांत वधूवर बहुधा शुभ्र वस्त्रांत असतात. तिथे उजेडाचे प्रमाण मीटर दाखवतो त्यापेक्षा जाणीवपूर्वक वाढवून घ्यावे लागते. तो सोहळा थोडक्यात आटोपतो, त्यामुळे चूक सुधारायला वेळ मिळत नाही. कोकणी मुसलमान घरांतल्या निकाहात दुल्हा आणि दुल्हन बहुधा वेगवेगळ्या ठिकाणी बसलेले असतात. दोघांचे एकत्र छायाचित्र केव्हा आणि कोठे घेतलेले चालेल, हे आधी घरच्या बायकांना विचारावे, आणि स्त्रियांच्या बाजूला स्त्री छायाचित्रकाराने जावे.

समुद्रकिनाऱ्यावरचे छायाचित्र प्रत्येक जोडप्याला हवे असते. आरे-वारे असो, भाट्ये असो, गुहागर असो किंवा तारकर्ली, मागणी एकच असते, की मावळता सूर्य आमच्या मागे असावा. तसे एखादे काळ्या आकृतींचे चित्र जरूर घ्यावे. मात्र दिवसा आपल्याकडे खारे वारे समुद्रावरून जमिनीकडे वाहतात आणि तिसऱ्या प्रहरी त्यांचा जोर बराच असतो. जोडपे समुद्राकडे पाठ करून उभे राहिले की पदर आणि केस पुढे, तोंडावर येतात, आणि पुढची वीस मिनिटे ती मुलगी केसच आवरत राहते. मी दोघांना उलटे, समुद्राकडे तोंड करून उभे करते. वारा समोरून येतो, केस मागे जातात, मावळतीचा पिवळा उजेड सरळ चेहऱ्यांवर पडतो, आणि पाहायला अख्खा समुद्र असल्यामुळे दोघे माझ्याकडे पाहतच नाहीत. काही वेळाने ती एकमेकांशी बोलू लागतात. इथे सूर्य मे महिन्यात सातच्या सुमारास आणि डिसेंबरात सहा वाजून गेल्यावर लगेच मावळतो, तेव्हा किनाऱ्यावर त्याच्या तासभर आधी पोहोचावे.

अशा वेळी पाण्यात उभे राहायचे ते आपण, म्हणून भरतीचा हिशेब करूनच जावे. भरतीची वेळ दररोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या, दिवसांपेक्षा बरेच वर येते. जवळच्या मच्छीमाराला विचारले तर तो तिथीवरून लगेच सांगतो. आणखी एक विनंती आहे. वेळाससारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे रात्री अंडी घालायला येतात आणि पुढे पिल्ले उजेडाच्या दिशेने धावतात, म्हणून अंधार पडल्यावर तिथे मोठे दिवे लावू नयेत. किल्ल्यांविषयी एवढेच सांगते, की सिंधुदुर्गासारखे किल्ले संरक्षित स्मारके आहेत, तिथे व्यावसायिक छायाचित्रणाची रीतसर परवानगी घ्यावी आणि शिवराजेश्वराच्या मंदिराच्या परिसराला नेपथ्य समजू नये.

विधींमधला एकच क्षण असा आहे, जो निव्वळ या दोघांचा असतो, आणि तो म्हणजे अंतरपाट दूर होण्याचा. गुरुजींच्या तोंडून ‘तदेव लग्नं’ हे शब्द येऊ लागले की तो क्षण जवळ आला, हे आपल्या कानाला कळले पाहिजे. बहुतेक छायाचित्रकार वराच्या किंवा वधूच्या खांद्यामागे उभे राहतात, तिथून एकच चेहरा मिळतो. मी बाजूला, अंतरपाटाच्या कडेच्या रेषेत उभी राहते, म्हणजे दोघांचेही चेहरे, मागचा मामा आणि करवल्या एका चौकटीत येतात. सभागृहात दिव्यांची आधी परीक्षा घ्यावी. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्याने अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, आणि आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरवर त्याचे पट्टे उमटतात. एक शतांश सेकंदाचे शटर ठेवले तर पट्टे बहुधा जातात. त्या वेगाला अक्षता रेघांसारख्या दिसतात, आणि मला त्या तशाच आवडतात.

अंगणातल्या मांडवात गोरज मुहूर्त असेल आणि पश्चिमेची बाजू उघडी असेल, तर या क्षणी जे घडते ते मी कोठेही वाचलेले नाही, पण डोळ्यांनी पाहत आले आहे. वधूवर सामान्यतः पूर्व-पश्चिम, समोरासमोर उभे असतात. मे महिन्यात सूर्य ठीक पश्चिमेला न मावळता थोडा उत्तरेकडे सरकून मावळतो, म्हणून त्याचे किरण तिरके येऊन पांढऱ्या अंतरपाटावर पडतात आणि तो उजेड परतून पूर्वेकडे तोंड केलेल्या चेहऱ्यावर जातो, तर पश्चिमेकडे तोंड केलेला चेहरा अंतरपाटाच्या आड, मंद उजेडात राहतो. अंतरपाट खाली येताच हे सगळे पालटते, आणि आतापर्यंत सावलीत असलेला चेहरा एकदम उजळतो. त्यामुळे उजेडाचे मोजमाप आधीच्या स्थितीवर ठेवले तर नेमका तोच चेहरा पांढरा पडतो. मी ते थोडे कमी ठेवते, कॅमेरा स्वयंचलित मोजणीवर सोडत नाही, आणि फ्लॅश बंद ठेवते. पुढचे दोन-तीन सेकंद दोघे एकमेकांकडे पाहतात, मग हार घालण्याची लगबग सुरू होते. त्या दोन-तीन सेकंदांत “इकडे बघा” असे कोणीही म्हणू नये, व्हिडिओवाल्यानेही नाही. हे मी त्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवते.

शेवटचा मुद्दा छायाचित्रे बाहेर दाखवण्याचा आहे. लग्नाचे पैसे बहुधा वडील देतात आणि करार त्यांच्याशी होतो, त्यामुळे छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकण्याची परवानगीही आपण त्यांनाच विचारून मोकळे होतो. ज्या दोघांचे चेहरे आहेत त्यांना विचारायचे राहूनच जाते. ओल्या हळदीतली मुलगी, पाठवणीच्या वेळी रडणारा मुलीचा भाऊ, एकांतात टिपलेले दोघांचे हसणे, यांतले काय घराबाहेर जावे हे ठरवणे आपल्या अधिकारात नाही. मी दोघांना वेगवेगळे विचारते, कारण एकमेकांसमोर नाही म्हणायला संकोच वाटतो. एकाने जरी नाही म्हटले तरी ती छायाचित्रे अल्बममध्ये आणि त्यांच्या पेनड्राइव्हमध्येच राहतात, माझ्या जाहिरातीत येत नाहीत. बुकिंगच्या कागदावर यासाठी मी वेगळा रकाना ठेवला आहे, आणि त्याखाली वधू आणि वर या दोघांच्याच सह्या चालतात.