डेल हॉलो: सोळा ते एकवीस इंच

(दृश्य: जानेवारीची पहाट. पाण्यावरून उठणारी वाफ. नावेच्या बुडाला लागणाऱ्या पाण्याचा आवाज.)

उजाडलंय, पण ऊन अजून डोंगराच्या पलीकडेच आहे. रॉडवर दोरा ओवलेल्या कड्यांमध्ये बर्फ धरतोय. चार-पाच वेळा गळ टाकून झाला की रॉडचं टोक पाण्यात बुडवून तो बर्फ वितळवायचा, आणि पुन्हा टाकायचा. हाताची बोटं बधिर झालीत. वाटाडे मात्र शांत बसलेत. त्यांची नजर पाण्यावरच्या एका लाल ठिपक्यावर आहे.

हे डेल हॉलो. अमेरिकेत टेनेसी आणि केंटकी या दोन राज्यांच्या सीमेवरचं धरण. ओबी नदीवर तिथल्या लष्कराच्या अभियंता दलाने बांधलेलं, 1943 साली पुरं झालेलं. भिंत 200 फूट उंच आणि तिच्यामागे जवळपास 27,000 एकरांचा फुगवटा. या पाण्याखाली विलो ग्रोव्ह नावाचं गाव आहे. माणसं उठली, थडगीसुद्धा वर हलवली गेली. शाळेचा पाया तेवढा खाली राहिला, पाणबुडे आजही तिथवर उतरतात. उन्हाळ्यात उजनीच्या पाण्यातून पळसदेवच्या देवळाचं शिखर वर आलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना याहून जास्त सांगायला नको.

आपण आलोय ते स्मॉलमाउथ बास या माशासाठी.

(दृश्य: पाण्याखालून, खडकाच्या कडेने सरकणारा मासा.)

याचं तोंड लहान, म्हणजे त्याच्या भाऊबंदाच्या, लार्जमाउथच्या मानाने लहान. लार्जमाउथचा जबडा डोळ्याच्या मागपर्यंत जातो, याचा डोळ्याखालीच संपतो. अंगाचा रंग जुन्या पितळेचा, त्यावर उभे गडद पट्टे, आणि डोळा लाल. गढूळ पाण्यात, गवतात लपून बसणारा हा मासा नाही. याला स्वच्छ पाणी आणि खडक लागतो. डेल हॉलोत दोन्ही भरपूर आहे. खडकाचे कडे सरळ पाण्यात उतरतात आणि खाली तसेच खोल जातात.

उन्हाळ्यात इथे रात्री मासेमारी चालते, कारण इतक्या नितळ पाण्यात दिवसा मासा सावध असतो. पण या तलावाची खरी ओळख मला हिवाळ्यात झाली.

पाणी 10 अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की शॅड आणि एलवाइफ हे लहान मासे गारठतात, त्यांची हालचाल मंदावते. स्मॉलमाउथही मग धावत नाही. कड्याला धरून, अधांतरी तरंगत राहतो. त्याच्या खालून गेलेल्या आमिषाकडे तो बघत नाही, आणि वेगाने ओढलेल्या आमिषामागे लागत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर, किंचित वरच्या बाजूला, काहीतरी टांगून ठेवावं लागतं. पूर्व टेनेसीतल्या लोकांनी त्यावर तोड काढली. तिला ते 'फ्लोट अँड फ्लाय' म्हणतात. फ्लोट म्हणजे पाण्यावर तरंगणारा तो लाल ठिपका, फ्लाय म्हणजे त्याखाली लोंबणारं पिसांचं आमिष.

(दृश्य: वाटाड्यांचा तळहात, त्यावर एक आमिष.)

हे बघा. शिशाचा एक मणी, त्याला गळ, त्यावर दोऱ्याने आवळून बांधलेली बदकाची चार पिसं. सगळं मिळून दीड इंच, वजन दोन ग्रॅमसुद्धा नाही. वाटाड्यांनी ते स्वतः बांधलंय. हे आमिष पातळ तंगूसाच्या टोकाला, आणि त्याच्या दहा-बारा फूट वर हा छोटा फ्लोट. आता दहा-बारा फुटांचा असा लोंबता दोरा फेकायचा कसा? म्हणून रॉडही नऊ-दहा फुटांचा, वेतासारखा लवचिक. तो डोक्यावरून फिरवायचा नाही, बाजूने अलगद झोकायचा.

आणि मग काही करायचं नाही. हे शिकायला मला दोन दिवस लागले. हात सारखा शिवशिवतो, रीळ फिरवावंसं वाटतं. पण काम लाटा करतात. वाऱ्याने पाणी हललं की फ्लोट हलतो, आणि खाली पिसं उघडतात, मिटतात, श्वास घेतल्यासारखी. म्हणून ढगाळ, वाऱ्याचा दिवस इथे भाग्याचा मानतात.

(दृश्य: फ्लोट अगदी जवळून.)

फ्लोट बुडाला तर कुणालाही कळतं. पण इथे बघा, तो बुडालेला नाही, आडवा झालाय. म्हणजे माशाने आमिष तोंडात घेतलंय आणि तो वर येतोय. दोऱ्यावरचा भार गेला, म्हणून फ्लोट लवंडला. हीच घटका.

(रिळाचा किरकिराट.)

रॉड मुठीपर्यंत वाकला. मासा खाली जातो, खडकाच्या दिशेने. घाई केली तर तंगूस तुटणार. दोरा द्यायचा, घ्यायचा, पुन्हा द्यायचा. आणि तेवढ्यात पाणी फोडून तो पूर्ण बाहेर येतो!

याच तलावात 9 जुलै 1955 रोजी केंटकीच्या लीचफील्ड गावचे डेव्हिड हेज नाव हळू हाकत, मोत्याच्या रंगाचं आमिष मागे ओढत होते. त्यांना लागलेला स्मॉलमाउथ 27 इंच लांब होता, घेर साडेएकवीस इंचांहून जास्त. काट्यावर भरला 11 पौंड 15 औंस, म्हणजे सुमारे 5.4 किलो. जागतिक विक्रम. पुढे नव्वदच्या दशकात एक जुनं प्रतिज्ञापत्र वर आलं. धक्क्यावरच्या एका माणसाने त्यात लिहिलं होतं, की माशात धातूचे तुकडे कोंबून त्याचं वजन वाढवलं होतं. 1996 मध्ये विक्रम काढून घेतला गेला. मग पहिला क्रमांक गेला 1969 साली पकडलेल्या 10 पौंड 14 औंसांच्या माशाकडे, आणि तोही डेल हॉलोचाच! अखेर 2005 मध्ये हेज यांचा विक्रम त्यांना परत मिळाला. मला तो मासा खरा वाटतो. पोटात धातू घातल्याने काटा फसेल, मासा लांब होत नाही.

(दृश्य: नावेत मोजपट्टी, तिच्यावर मासा.)

आज वाटाड्यांच्या नावेत काटा नाही, मोजपट्टी आहे. इथला नियम इंचांचा आहे. दिवसाला दोनच स्मॉलमाउथ ठेवता येतात, एक 16 इंचांच्या आतला आणि एक 21 इंचांच्या वरचा. मधला प्रत्येक मासा सोडायचा. कारण मधले मासे हेच विणीचे मासे. वसंतात नर शेपटीने खडी साफ करून खळगा करतो, मादी अंडी घालून निघून जाते, आणि पुढे पिल्लं पोहू लागेपर्यंत राखण करतो तो एकटा नर. त्याला गळाला लावून दूर नेलं, की टपून बसलेले ब्लूगिल मासे थोड्याच वेळात अंडी फस्त करतात.

आपला मासा साडेअठरा इंच भरला.

वाटाड्यांनी हात आधी पाण्यात भिजवले, कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो म्हणून. गळ ओठातून सोडवला. मासा पाण्यात धरला, तोंड पुढे, एक हात पोटाखाली. कल्ले उघडले, मिटले, पुन्हा उघडले. मग शेपटीचा एकच फटका, आणि माझ्या चष्म्यावर पाणी.

वाटाड्यांनी पिसं दोन बोटांत धरून सारखी केली. रॉड बाजूने झोकला. कड्यापासून हातभर अंतरावर लाल ठिपका पाण्यावर उभा राहिला.