पेटी आहे, पद नाही

[दृश्य : सकाळ. शाळेचं पटांगण, परिपाठाची रांग. लाकडी खुर्चीवर ठेवलेली पेटी.]

पेटीचा भाता डाव्या कोपऱ्यात फाटलाय. तिथं बाईंनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलाय. पंचमाची पट्टी एकदा दाबली की खालीच बसते, म्हणून बाई गाणं न थांबवता ती करंगळीनं वर उचलतात. मुलांना याची इतकी सवय झालीय की पंचमावर सगळा वर्ग किंचित रेंगाळतो आणि मगच पुढची ओळ घेतो.

जिल्हा परिषदेची ही पहिली ते चौथीची शाळा. पट २६, शिक्षक दोन. बाई संगीत शिक्षिका नाहीत. गणित, मराठी, परिसर अभ्यास, पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती भरणं हे सगळं करून उरलेल्या वेळात त्या पेटी वाजवतात. शिकल्या त्या सुट्टीत, स्वतःचे पैसे भरून. पेटी गावच्या भजनी मंडळानं दिलेली. म्हणजे या पटांगणात आत्ता जो सूर लागलाय, त्यात सरकारचा एक पैसाही नाही.

[दृश्य : वर्गाची भिंत. हाताने लिहिलेलं वेळापत्रक. कॅमेरा ‘कला’ या शब्दावर थांबतो.]

वेळापत्रकात मात्र कला आहे. प्रगतिपुस्तकात तिची श्रेणी आहे, नोंदवहीत रकाना आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं दहावीपर्यंत कला सक्तीची असावी असं स्पष्ट म्हटलं होतं. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं तर मुख्य विषय आणि अवांतर विषय ही भिंतच पाडायला सांगितली. कागदावर कलेची बाजू कुणीच सोडलेली नाही. पण हा तास घ्यायला वर्गात येणार कोण, आणि त्याचा पगार कोण देणार?

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या अनुसूचीत कोणत्या शाळेत किती शिक्षक हवेत, हे लिहिलेलं आहे. पहिली ते पाचवीसाठी कला शिक्षकाचा उल्लेखही नाही. सहावी ते आठवीसाठी आहे, पण दोन अटींसह. त्या वर्गांचा पट १०० च्या वर हवा, आणि मिळणार तो अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारा. कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण, तिघांचीही हीच गत.

हा १०० चा आकडा जरा जवळून बघा. सहावी ते आठवीत १०१ मुलं असतील तर कलेचा माणूस मिळण्याचा हक्क आहे. त्यातली दोन मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली आणि त्यांची नावं कमी झाली, तर तो हक्क संपला. उरलेल्या ९९ मुलांचे कान आणि हात काही कमी झालेले नसतात. आणि ज्या गावात मुळात मुलंच कमी, जिथं शाळेबाहेर गाण्याचा किंवा चित्रकलेचा क्लास मिळण्याची शक्यताही नाही, तिथं सरकारी हिशेबात कलेला जागाच उरत नाही. आम्हाला हे उलटं वाटतं. लहान शाळेला आधी द्यायला हवं.

निदेशक मिळाला तरी तो अंशकालीन. म्हणजे मानधनावर. पुढच्या वर्षी आपण इथं असू का, हे ज्याला माहीत नाही, त्यानं सहावीतल्या मुलीचा हात आठवीपर्यंत कसा घडवायचा?

[दृश्य : एक मुलगा स्थिरचित्र काढतोय. समोर स्टुलावर बादली, तिच्या काठावर टाकलेला टॉवेल.]

बादलीचं तोंड त्यानं पूर्ण गोल काढलंय. ते डोळ्यांच्या पातळीखाली असलं की लंबगोल दिसतं, हे त्याला कुणी दाखवलेलं नाही. चित्रकलेच्या शिक्षकानं पाठीमागे उभं राहून, पेन्सिल आडवी धरून दोन मिनिटांत ते दाखवलं असतं. त्या दोन मिनिटांसाठीच शिक्षक लागतो. पुस्तकानं ते होत नाही, मोबाइलवरच्या व्हिडिओनंही होत नाही, कारण व्हिडिओला या मुलाची बादली दिसत नाही.

राज्याच्या कला संचालनालयातर्फे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा होतात. महाराष्ट्रातल्या अनेक घरांत त्यांची प्रमाणपत्रं जपून ठेवलेली सापडतील. इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीत वाढीव गुण मिळतात. ‘ए’ श्रेणीला ७, ‘बी’ला ५, ‘सी’ला ३. सवलत चांगलीच आहे. पण जिथं चित्रकला शिकवणारा माणूस आहे, तिथल्याच मुलाच्या पदरात ती पडते. दहावीच्या यादीत ७ गुणांनी किती नावं वरखाली होतात, हे पालकांना सांगायला नको.

[दृश्य : शाळेचं कार्यालय. लोखंडी कपाट, खडूचे खोके, वीजबिल.]

आता पैशांचं. शालेय शिक्षणासाठीच्या समग्र शिक्षा योजनेत केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. त्यातून शाळांना वर्षाचं संयुक्त अनुदान मिळतं. ३० पर्यंत पट असेल तर १० हजार रुपये. खडू, वीजबिल, स्वच्छता, दुरुस्ती, सगळं त्यातच. मुख्याध्यापकांनी यातून पेटीचा भाता बदलावा की स्वच्छतागृहाचा नळ? ते नळच बदलतील, आणि बरोबरच करतील.

२०१५ पासून केंद्र सरकारचा कला उत्सव होतो. माध्यमिकच्या मुलांना जिल्हा, राज्य आणि देश पातळीवर मंच मिळतो. तिथं गाणाऱ्या मुलांचे चेहरे पाहिले की खर्च वाया गेला असं कुणी म्हणणार नाही. पण उत्सव वर्षातून एकदा, तास आठवड्यातून दोनदा. ज्या शाळेत तासच झाला नाही, तिथून उत्सवाला कोण जाणार?

[दृश्य : बडोदा. संगीत महाविद्यालयाची इमारत.]

सरकारी तिजोरीतून गाणं शिकवता येतं का, ही शंका आपल्याकडे खूप जुनी आहे. तिचं उत्तरही जुनंच आहे. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या काळात, १८८६ मध्ये, उस्ताद मौलाबक्ष यांच्या हाताखाली संस्थानाची गायनशाळा सुरू झाली. गाणं तेव्हा घराण्याच्या दाराआड होतं. मौलाबक्षांनी स्वरलिपी तयार केली, शिकवण्याची पुस्तकं काढली. आज ती शाळा बडोद्याच्या विद्यापीठाचा भाग आहे. राजे गेले, संस्थान विलीन झालं, तरी वर्ग चालू राहिले. कारण तिथं जागा मंजूर होत्या. एक गुरू गेला की दुसरा येत होता.

आमच्या शाळेत तेच नाही.

[दृश्य : दुपार. वर्ग रिकामा. बाई कपाट आवरताहेत.]

बाईंची बदली झालीय. जिल्हा परिषदेत बदल्या होतातच, त्यात तक्रार करण्यासारखं काही नाही. त्यांच्या जागी नवे सर येतील, कारण त्या जागेला मंजुरी आहे. पेटी वाजवणारं कुणी येईल असं नाही, कारण तशी जागा या शाळेत कधी नव्हतीच. आतापर्यंत जे चाललं, ते एका बाईंच्या हौसेवर.

नवे सर आज रुजू व्हायला आलेत. बाईंनी त्यांना हजेरीपट दिला, पोषण आहाराची वही दिली, किल्ल्या दिल्या. मग कपाटातून पेटी काढून टेबलावर ठेवली.

“वाजवता येते का, सर?”

सरांनी मान हलवली. नाही.

बाईंनी चौथीतल्या एका मुलीला हाक मारली. तिचं बोट धरून पंचमाच्या पट्टीवर ठेवलं. पट्टी खाली गेली, खालीच राहिली. मुलीनं करंगळीनं ती हळूच वर उचलली.

[पडदा काळा होतो. भात्याचा आवाज काही क्षण चालू राहतो.]